‘उमेदवार’ म्हणवून घेण्यात कमीपणा कसला?

या शनिवारी घराबाहेर पडायचा कंटाळा आला होता, म्हणून एक जुना शोधनिबंध वाचत बसलो. साल १९५३. विषय: देवयानी दीर्घिका (एम३१) आणि त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका (एम३३) यांच्यातले सगळ्यात तेजस्वी रूपविकारी तारे. लेखक दोन. एक एडविन हबल, वय ६३. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला. दुसरा ॲलन सँडेज, वय २७, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. (इथे थांबून मी जरा वेळ स्वतःच्या करिअरचा विचार केला. मग सोडून दिला.)

निबंधात तारे किती? फक्त पाच. एम३१ मधला एक, एम३३ मधले चार. एवढ्यासाठी काही दशकांच्या काचेच्या फोटो-प्लेट्स चाळल्या, प्रत्येक प्लेटवर त्या ठिपक्याची तेजस्विता मोजली आणि आलेख काढले. आणि गंमत म्हणजे इतकं करूनही त्या पाचातला एक पुढे वेगळ्याच जातीचा निघाला.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, तो आज इथे सोडतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: या ताऱ्यांच्या बाबतीत ‘तसा दिसतो’ आणि ‘तसा आहे’ यातलं अंतर पुसायची आपल्याला फार घाई झाली आहे. तारा बदलताना प्रत्यक्ष दिसेपर्यंत त्याच्यापुढची ‘उमेदवार’ ही पाटी काढू नये. आणि ती पाटी असण्यात कमीपणा काहीच नाही.

आता मुळात हे तारे कोण, ते सांगतो. खगोलशास्त्र माहीत असलेल्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल.

सूर्याच्या पंचवीस-तीस पटींपासून ते शंभर पटींपर्यंत वस्तुमान घेऊन काही तारे जन्माला येतात. त्यांचं तेज सूर्याच्या लाखो पट असतं. इंधन असं उधळल्यावर आयुष्य ते किती असणार? सूर्याला एकूण साधारण हजार कोटी वर्षं मिळतात, यांना जेमतेम काही दशलक्ष. यांच्यात प्रकाशाचा बाहेर ढकलणारा दाब आणि गुरुत्वाकर्षणाची आत ओढणारी ओढ जवळजवळ तुल्यबळ असतात. गॅसवर ठेवलेलं दूध वर येतं आणि भांड्याच्या काठाशी येऊन थरथरत राहतं ना, तशी अवस्था. मधूनच ते उतू जातं. म्हणजे ताऱ्यावरून वाहणारा वारा एकदम दाट होतो, तारा फुगल्यासारखा दिसतो, आणि काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, पुन्हा मूळ पदावर येतो. १९८४ मध्ये पीटर कॉन्टीने या मंडळींना ‘ल्युमिनस ब्लू व्हेरिएबल’ हे नाव दिलं. तेजस्वी, निळे, रूपविकारी. आपण एलबीव्ही म्हणू.

यात एक मजेशीर भाग आहे. तारा आपल्याला एक-दोन प्रतींनी उजळ दिसतो, म्हणजे अडीच ते सहा पट, पण बहुतेक वेळा त्याचं एकूण तेज फारसं वाढलेलं नसतं. शांत असताना पृष्ठभाग पंधरा ते तीस हजार अंशांचा, त्यामुळे बराचसा प्रकाश अतिनील, आपल्या डोळ्यांच्या हिशेबाबाहेरचा. दाट वारा सुटला की बाहेरून दिसणारं तापमान सात-आठ हजारांवर येतं आणि तोच प्रकाश दृश्य पट्ट्यात सरकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सीटीसी तेवढाच, फक्त इन-हँड वाढलं :)

क्वचित कधी मात्र खराखुरा स्फोट होतो. आपल्याच आकाशगंगेतला इटा कॅरिनी १८४३ मध्ये व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. पण अशी उदाहरणं विरळाच.

मग प्रश्न येतो की हे तारे शोधायला पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर कशाला जायचं? इथे आपल्या आकाशगंगेत नाहीत का? आहेत, पण आपण तिच्या आत बसलो आहोत. रात्री गावात उभं राहिलं की समोरचा दिवा जवळच्या स्कूटरचा की लांबच्या खांबावरचा, हे कळत नाही. त्यात मधे धूळ. गाया यानाच्या मोजमापांनंतर आपल्या आकाशगंगेतल्या कित्येक एलबीव्हींची अंतरं कमी निघाली, आणि अंतर कमी म्हणजे तेजही कमी. समोरच्या डोंगरावरच्या गावातले दिवे मात्र आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. तिथला जो दिवा जास्त उजळ दिसतो, तो खरोखरच जास्त उजळ असतो. एम३१ आणि एम३३ ही आपल्यासाठी तशी डोंगरावरची गावं आहेत.

किंमत अर्थात मोजावी लागते. यातले बरेचसे तारे सोळाव्या प्रतीच्या आसपासचे. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, म्हणजे हे त्याहून दहा हजार पट मंद. शिवाय इतक्या अंतरावर एक विकलेचा कोन म्हणजे साधारण बारा प्रकाशवर्षं. जमिनीवरून जो एक ठिपका दिसतो, त्यात एखादा छोटा तारकागुच्छही दडलेला असू शकतो. आणि मधेच आपल्या आकाशगंगेतला एखादा सामान्य तारा त्याच दिशेला येऊन ‘मीही देवयानीतलाच’ म्हणून उभा राहतो. त्याला पकडायला वेग मोजतात: देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ३०० किमी वेगाने येते आहे, हा गडी त्या वेगात नसतो.

आता त्या पाचातल्या चुकलेल्याकडे येऊ. त्याचं नाव व्हेरिएबल ए, मुक्काम एम३३. १९५० च्या सुमारास तो त्या दीर्घिकेतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक होता. मग वर्षभराच्या आत तो तीन प्रतींहून जास्त, म्हणजे पंधरा पटींहून अधिक मंदावला. बाकीच्यांसारखाच लहरी, म्हणून बाकीच्यांच्याच यादीत. पण १९८० च्या दशकात रॉबर्टा हम्फ्रीज बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वर्णपट घेतला तेव्हा तो थंड, लाल ताऱ्याचा निघाला, भोवती धुळीचा पसारा. पुढे २००० नंतरच्या वर्णपटात तो पुन्हा तापलेला दिसला. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला की हा एक अतिमहाकाय तारा असून त्याचा उद्रेक पस्तीस वर्षांहून जास्त काळ चालला होता. पस्तीस वर्षं! म्हणजे आपल्याकडे माणूस नोकरीला लागून रिटायर होतो, तेवढा काळ. याचा एकच फोटो किंवा एकच वर्णपट हातात असता तर कुणाला काय कळलं असतं?

यात हबल-सँडेज यांची चूक मी मानत नाही. त्यांनी ‘हे तारे असे वागले’ एवढंच मांडलं आणि वागणुकीचे आलेख पुढे ठेवले. ती नोंद नीट होती म्हणूनच तीस-पन्नास वर्षांनी कुणाला तरी ती दुरुस्त करता आली.

पुढे काय झालं, तर टेलिस्कोप मोठे झाले, डिटेक्टर सुधारले आणि शोधायची पद्धत बदलली. फिलिप मॅसी आणि सहकाऱ्यांनी किट पीकच्या ४ मीटरच्या दुर्बिणीने एम३१, एम३३ पूर्ण पिंजून काढल्या. हायड्रोजनच्या विशिष्ट लाल रेषेत चमकणारे तारे वेचले, त्यांचे वर्णपट घेतले आणि माहीत असलेल्या एलबीव्हींच्या वर्णपटांशी ताडून पाहिले. जुळला तर उमेदवार. २००७ मध्ये ही यादी आली. काम जबरदस्त आहे, याबद्दल वाद नाही, आणि त्यांनी ‘उमेदवार’ हाच शब्द वापरला होता हेही खरं.

अडचण अशी की शांत बसलेला एलबीव्ही आणि त्याचे चार चुलतभाऊ एकसारखेच दिसतात. एक प्रकार आहे ‘बी’ वर्गाच्या महाकाय ताऱ्यांचा, ज्यांच्याभोवती वायू आणि गरम धूळ असते. दुसरे नुसतेच लोहाच्या तेजस्वी रेषा दाखवणारे. तिसरे उबदार अतिमहाकाय, म्हणजे व्हेरिएबल ए च्या गोत्रातले. वेगळं करायच्या युक्त्या आहेत: अवरक्त प्रकाशात गरम धूळ दिसते का बघायची, कॅल्शियमच्या ठराविक रेषा शोधायच्या, वाऱ्याचा वेग मोजायचा. हम्फ्रीज बाईंच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की शांत एलबीव्हींचा वारा सेकंदाला १०० ते २०० किमी, तशाच इतर गरम महाकायांपेक्षा संथ असतो. या सगळ्याने संशय कमी होतो. खात्री होत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचा पुरावा २०२० च्या एका निबंधात आहे. रशियातली ६ मीटरची दुर्बीण आणि अमेरिकेतल्या अपाची पॉइंटची साडेतीन मीटरची, अशा दोन दुर्बिणींनी एम३१ मधले पाच उमेदवार तपासले. पाचही जणांच्या वर्णपटात एलबीव्हीची नेहमीची लक्षणं हजर. तेजही खऱ्या एलबीव्हींइतकंच. निकाल काय लागला? एक निघाला धुळीवाला ‘बी’ महाकाय. एक लोहरेषावाला. दोन उबदार अतिमहाकाय. आणि एलबीव्ही ठरला फक्त एक.

पाचात एक! एवढ्या छोट्या नमुन्यावरून टक्केवारी काढणं चूक आहे, मला मान्य. पण सावध व्हायला पुरेसं आहे.

जो पास झाला त्याची गोष्टही ऐका. २००६ मध्येच मॅसीच्या गटाने त्याला हेरलं होतं, कारण त्याचा वर्णपट आपल्या हंस तारकासमूहातल्या पी सिग्नीशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. चौदा वर्षं तो उमेदवार राहिला. २०२० मध्ये बढती मिळाली ती ०.२७ प्रतीच्या बदलावर, म्हणजे तेजात साधारण सव्वापट फरक. थोडा आहे, पण दिसलेला आहे. इथपर्यंत मी त्या लेखकांच्या बाजूने.

पण त्याच निबंधात आपल्या आकाशगंगेतला एमएन११२ नावाचा आणखी एक उमेदवार आहे. त्याचा वर्णपट आणि तापमान या पास झालेल्याशी जुळलं, सबब तोही एलबीव्ही, असं लेखक म्हणतात. जास्त काळ पाहिलं तर त्याचंही तेज बदलताना दिसायला हवं, अशी पुस्ती जोडून. इथे मी अडखळलो. ‘बदलताना दिसायला हवं’ ही अपेक्षा झाली. पाच जण सारखेच दिसत होते आणि चार दुसरेच निघाले, हे नुकतंच दाखवून झाल्यावर सहाव्याला दिसण्यावर पास करायचं? मी त्याला उमेदवारच म्हणेन. आदराने, पण उमेदवार.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडतं एका नावाने? बिघडतं. कारण यादीवरून पुढे सिद्धान्त रचले जातात.

२०१५ मध्ये नेथन स्मिथ आणि रायन टॉम्बलसन यांनी मांडलं की एलबीव्ही एकलकोंडे असतात. इतर अतिजड तारे ज्या तरुण घोळक्यांत जन्मतात, त्यांच्यापासून हे फार लांब सापडतात. मग हे एकट्याने वाढलेले नसावेत. जोडीदार ताऱ्याचं वस्तुमान गिळून फुगलेले आणि जोडीदाराचा स्फोट झाल्यावर बाहेर भिरकावले गेलेले असावेत. विचार करा, पाठ्यपुस्तकातलं अख्खं प्रकरण बदलायची ही गोष्ट! २०१६ मध्ये हम्फ्रीज बाईंच्या गटाने उत्तर दिलं: तुमच्या यादीत दोन वेगळ्या दर्जाचे एलबीव्ही एकत्र मिसळलेत आणि काही जण तर एलबीव्हीच नाहीत. ते वेगळे करा, चित्र बदलतं. २०१८ मध्ये मॅसी ज्यात होता त्या गटाने एम३१, एम३३ धरून पुन्हा मोजलं आणि एलबीव्ही काही विशेष एकलकोंडे नाहीत असं सांगितलं. २०१९ मध्ये स्मिथ परत: तुम्ही तुलनेसाठी घेतलेल्या निळ्या ताऱ्यांच्या यादीतच म्हातारे तारे घुसलेत.

बघा हं, सगळा वाद ‘तुझी यादी चुकीची’ इथेच फिरतोय. भौतिकशास्त्रापर्यंत पोचायच्या आधीच.

आणि त्या भौतिकशास्त्रात दडलेला प्रश्न साधा नाही. जुन्या समजुतीप्रमाणे एलबीव्ही ही मधली पायरी: तारा इथे आपलं हायड्रोजनचं कवच फेकून देतो, पुढच्या अवस्थेत जातो आणि मग कधीतरी फुटतो. पण २००५ मधल्या एका सुपरनोव्हाच्या जागी आधी एलबीव्हीसारखा तेजस्वी तारा होता, हे नंतर जुन्या हबल छायाचित्रांवरून दिसलं. २००९ मध्ये एका ताऱ्याचा उद्रेक सुपरनोव्हा म्हणून नोंदला गेला, तो एलबीव्हीचा उद्रेक ठरला आणि २०१२ मध्ये तोच तारा इतका प्रचंड उजळला की अनेकांनी या वेळी खरा सुपरनोव्हा मानला. म्हणजे काही तारे या पायरीवरूनच थेट जात असतील का? सर्वांत जड तारे कसे मरतात, हा तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला प्रत्येक दीर्घिकेतले जेमतेम बोटांवर मोजण्याइतके खात्रीचे तारे हातात. त्यात दोन जरी खोटे घुसले तरी सरासरीचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. पी सिग्नी १६०० साली अचानक उजळला, १६५५ च्या सुमारास पुन्हा. त्यानंतर आजपर्यंत जवळजवळ गप्प. तो देवयानीत असता तर गेल्या शंभर वर्षांच्या प्लेट्समध्ये आपल्याला काहीच दिसलं नसतं. ‘उद्रेक दाखव, मगच नाव देतो’ असा हट्ट धरला तर आपल्या यादीत फक्त चळवळे तारे येतील आणि झोपलेले सगळे सुटतील. हाही नमुन्यातला दोषच. मॅसीचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

पण त्यावर उपाय झोपलेल्यांना सरसकट पास करणं हा नाही. उपाय दोन रकाने. एकात: काय दिसलं, कधी, किती प्रतींचा बदल. दुसऱ्यात: काय वाटतं आणि कशावरून. ज्याला झोपलेलेही मोजायचे आहेत त्याने दोन्ही रकाने घ्यावेत, पण तसं सांगून घ्यावेत.

मागे एका प्रोजेक्टवर आमचा एक सर्व्हर अधूनमधून हळू व्हायचा. एका दिवसाचा मेमरीचा आलेख बघून आम्ही ‘मेमरी लीक’ असं लेबल लावलं, एक पॅच टाकला, तिकीट बंद. तीन महिन्यांनी तेच. लॉग तीस दिवसांचेच ठेवायचे असा नियम, त्यामुळे मागचं काही ताडून बघता येईना. शेवटी कळलं की तिमाही रिपोर्टचा जॉब चालला की हे व्हायचं. तीन महिन्यांचं आवर्तन आणि तीस दिवसांची आठवण! लेबल लावून आम्ही मोकळे झालो नसतो, तर कुणीतरी बघत राहिलं असतं. ताऱ्यांचंही तेच होतं. एकदा ‘एलबीव्ही’ लिहिलं की त्या ताऱ्याकडे पुन्हा बघायची निकड संपते.

आणि बघत राहायला दरवेळी राक्षसी दुर्बीण लागते असंही नाही. इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या जॉन मार्टिनने तिथल्या २० इंची दुर्बिणीने एम३१ आणि एम३३ मधल्या तेजस्वी ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि २०१७ मध्ये हम्फ्रीज बाईंबरोबर ती मोजमापं प्रसिद्ध केली. लडाखमधल्या हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ७० सेंमीची दुर्बीण आहे, ती त्याहून मोठीच. चिलीतल्या नव्या रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं २०२५ मध्ये आली आणि सगळे त्यावर खूश आहेत, मीही आहे, पण देवयानी आणि एम३३ उत्तरेला असल्याने तिच्या मुख्य सर्वेक्षणात येत नाहीत. त्यांच्यावर पहारा ठेवायचं काम अशा लहान दुर्बिणींनाच करावं लागणार. जुना डेटाही आहे: हार्वर्डने चार लाखांहून जास्त काचेच्या प्लेट्स स्कॅन केल्या आहेत, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या पॅलोमारच्या झेडटीएफ सर्वेक्षणाच्या मोजमापांचा मोठा भाग कुणालाही उतरवून घेता येतो. सोळाव्या-सतराव्या प्रतीच्या ठिपक्याचा आलेख काढायला आपल्यासारख्यांना जे येतं तेवढं पुरे: थोडं कोडिंग, थोडी चिकाटी.

कदाचित तुमच्या हयातीत तो ठिपका हलणारही नाही. तरी ‘इतकी वर्षं पाहिलं, बदलला नाही’ ही नोंद पुढच्या माणसाला लागेल. हबलच्या प्लेट्स सँडेजला लागल्या, आणि दोघांचे आलेख हम्फ्रीज बाईंना.

असो. पाच वाजले, चहा टाकतो. दूध उतू जायच्या आत जायला हवं.